तळमामांनी पाहिलेली खाडी

धक्क्यावर माणसांच्या दोन जाती होत्या, वरची आणि खालची. तिकीट फाडणारा, दोर फेकणारा, सुकाणू धरणारा, माइकवर बोलणारा, ही सगळी वरची. खालचा एकच. बोटीच्या पोटात, इंजिनापाशी, एकतीस वर्षं. त्यांना सगळे तळमामा म्हणायचे आणि त्यांची बायको, बोटीच्या तळाशी कधी उतरली नसली तरी, ओघानंच मामी झाली होती.

तळमामांची इंजिनखोली नऊ पावलं लांब, चार पावलं रुंद आणि उंचीला अशी, की मान ताठ केली तर टेंगूळ. मधोमध सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन. त्याच्या एका अंगाला तीन पायांचं स्टूल, दुसऱ्या अंगाला तेलाची बुधली, चिंध्यांची पिशवी आणि नट आवळायचे पाने अडकवायची फळी. जाळीत कोंडलेले दोन दिवे. खिडकी नाही, कारण ती खोली पाण्याच्या पातळीखाली होती, आणि पाण्याखाली खिडकी ठेवण्याइतका बोट बांधणारा खुळा नव्हता. डोक्यावर एक घंटा. वरून कप्तान साखळी ओढायचा. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे, आणि लागोपाठ खणखणाट म्हणजे पूर्ण वेग. घंटेच्या ठोक्यावरून मामांना हुकूम तर कळायचाच, शिवाय कप्तानाचं आज घरी वाजलंय की नाही तेही कळायचं.

खाडी समुद्राला समांतर जात होती. मध्ये वाळूचा एक लांबलचक पट्टा, पलीकडे समुद्र, अलीकडे ही शांत पाण्याची वाट. गावाच्या धक्क्यापासून मुखापर्यंत चौतीस किलोमीटर. हवा बदलायला आलेले लोक, नवी लग्न झालेली जोडपी, शाळांच्या सहली बोटीत बसायच्या आणि दोन्ही काठांवरची प्रेक्षणीय स्थळं पाहून परत यायच्या. मामा दोन्ही टोकांना चहा प्यायला वर येत. मधल्या चौतीस किलोमीटरांत एकदाही नाही. "तान्हं मूल तरी शेजारणीकडे देता येतं," ते म्हणायचे, "इंजिन कोणाकडे देऊ?"

म्हणजे काखेत कळसा होता, पण गावाला वळसा घालायलाही माणूस कधी बाहेर पडला नाही.

तरी त्यांना खाडी माहीत नव्हती असं नाही. त्यांची स्वतःची एक खाडी होती. धक्का सोडल्यावर वीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज कुठूनतरी आपटून परत यायचा, थोडा उशिरा, जणू पुढे दुसरी बोट चालली आहे. तो अर्धा पूल. मग थंड पाण्याच्या नळीवर हात ठेवला की ती कोमट लागायची, म्हणजे मिठागरांचा उथळ भाग आला. पुढे तळातलं साचलेलं पाणी खळकन डावीकडे धावायचं, कारण वरची सगळी माणसं डाव्या कठड्याला गोळा व्हायची. तिथं पक्ष्यांचं बेट. मग वर हशा पिकायचा. तिथं झोपलेला म्हातारा. नंतर मिनिटभर सगळं चिडीचूप, माइकवर फक्त सनावळ्या. तो किल्ला. आणि शेवटी स्टूल हळूच डोलायला लागायचं, लाटेचा पहिला श्वास लागायचा. ते मुख आणि तिथलं दीपगृह.

या आवाजांना मामांनी आपल्या मनानं रूपं दिली होती. दीपगृह निळं होतं, कारण फार पूर्वी एक रंगारी निळ्या रंगाचा डबा घेऊन त्यांच्या शिडीच्या तोंडाशी बसला होता आणि मुखाशी उतरला होता. झोपलेला म्हातारा हा तर पहिली दोन वर्षं त्यांना खराच म्हातारा वाटत होता, ओसरीवर आडवा झालेला. रोज तो झोपलेलाच कसा, याची त्यांना काळजी वाटायची. तो खडक आहे हे कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

लग्न झालं तेव्हा मामींचं माहेर मुखाजवळच्या वस्तीत होतं. वऱ्हाड याच बोटीनं आलं. नवरी वर, मैत्रिणींच्या घोळक्यात. नवरा खाली, कारण बदली माणूस आजारी पडला होता. "माझं लग्न एका घंटेशी लागलं," मामी अजून म्हणत, "धक्क्यावर आल्यावर कळलं, हा काळा झालेला माणूस माझाच."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण नवी बोट आली. पांढरी, मऊ खुर्च्यांची. तिचं इंजिन रबराच्या पायांवर ठेवलेलं, खोक्यात बंद. कप्तानानं वरूनच बटण दाबायचं, दांडा पुढे ढकलायचा, की बोट चालू. काही बिघडलं तर समोर लाल दिवा लागणार. खाली माणूस नको, स्टूल नको, घंटा नको.

कचेरीतल्या मॅडमनी मामांना बोलावलं. मॅडम कामाच्या पक्क्या होत्या, पण मनानं वाईट नव्हत्या.

"मामा, माइकवर बोलणारे नोकरी सोडून गेलेत. तुम्ही एकतीस वर्षं या मार्गावर आहात. तुमच्याइतकी खाडी कोणाला माहीत असणार? तुम्ही माइक घ्या."

मामांनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं, मॅडम, मी ती पाहिलेली नाही. पण एकतीस वर्षं हा शब्द खोलीत असा काही उभा होता, की त्याच्यासमोर हे वाक्य बाहेर पडेना.

"रविवारी सकाळी नऊची फेरी. मी स्वतः बसेन," मॅडम म्हणाल्या. "जमलं तर जमलं. नाहीतर भांडारात एक जागा आहे. सुटे भाग द्यायचे-घ्यायचे. कोरडं काम."

भांडार बाजाराच्या मागे होतं. तिथून पाण्याचा वासही येत नव्हता.

"हो," मामा म्हणाले. कशाला हो म्हणाले ते त्यांनाही नक्की कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी विणत होत्या. लेकीला दिवस गेले होते आणि पिवळ्या लोकरीचं एक इवलंसं काहीतरी रोज बोटभर वाढत होतं.

"तुम्ही?" मामी म्हणाल्या. "तुम्ही लोकांना स्थळं दाखवणार?" आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, पाणी पिऊन हसल्या. मग मामांचा चेहरा बघून थांबल्या. "अहो, खरंच काहीच पाहिलं नाही?"

"दोन्ही टोकांच्या चहाच्या टपऱ्या पाहिल्यात."

"आणि रविवार कधी?"

"चार दिवसांवर."

"मग उद्या गुरुवार, बोट बंद असते ना? माझ्या बहिणीच्या नवऱ्याची होडी आहे. आपण जाऊन बघून येऊ. मी दाखवते. लग्नात मी सगळं बघितलंय." त्यांनी सुई पुढे चालवली. "वर बसले होते ना मी."

साडू होडी द्यायला लगेच तयार झाले, पण होडीच्या मागे लटकवलेल्या पेट्रोल इंजिनाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, "लहरी आहे. तुमच्याशी जमेल."

गुरुवारी सकाळी सात वाजता दोघं निघाले. मामी पुढे, डोक्यावर छत्री, मांडीवर विणकामाची पिशवी आणि डबा. मामा मागे, इंजिनाच्या दांड्यावर हात. खिशात वही. पाणी इतकं स्थिर होतं की होडी काचेवरून सरकते आहे असं वाटावं. धुकं काठाला चिकटून राहिलं होतं आणि त्यातून झाडांचे फक्त शेंडे दिसत होते.

मामांनी आयुष्यात सुकाणू धरलेलं नव्हतं. होडी जरा या काठाला, जरा त्या काठाला अशी चालली होती.

"तुम्ही शिवण घालताय की होडी चालवताय?" मामी म्हणाल्या.

वीस मिनिटं झाली. मामांची मान आपोआप एका बाजूला कलली. ते वाट पाहत होते. मग धुक्यातून तो वर आला. अर्धा पूल. पाण्यातून उगवलेले सात खांब, त्यांच्यावर रस्ता, आणि सातव्या खांबाशी रस्ता संपून पुढे नुसतं आकाश. तुटल्या टोकावर एक कुत्रं बसलं होतं आणि खाली बघत होतं.

"हा?" मामा म्हणाले.

"हा."

"मला वाटलं होतं, जास्त मोठा असेल." मग थोड्या वेळानं, "आणि असा एकटा नसेल."

त्यांनी वहीत लिहिलं: पूल, सात खांब, एकटा. मामींनी डोकावून वाचलं आणि म्हणाल्या, "एकटा हे माइकवर सांगायचं नसतं."

मिठागरांपाशी इंजिनाचा सूर बदलला. मामांची पाठ ताठ झाली. या इंजिनाच्या कुशीतून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते. ती पडते आहे तोवर इंजिन थंड आहे. धार बंद झाली होती. त्यांनी इंजिन थांबवलं, उचललं आणि खाली बघितलं. पाणी आत ओढायच्या भोकांना हिरव्या शेवाळाची गादी लागली होती. ती त्यांनी नखानं खरवडली, तारेनं भोकं मोकळी केली, फुंकर मारून पाहिली. या दहा मिनिटांत मिठाचे पांढरे ढीग ओळीनं उन्हात उभे राहिले, गुलाबी झाले, पिवळे झाले, परत पांढरे झाले. मामींनी ते सगळं बघितलं. मामांनी भोकं बघितली.

"अहो, वर बघा."

"झालंच."

"तुम्ही इंजिन बघायला आलात का खाडी?"

मामांनी वर पाहिलं तेव्हा ढीग नुसते ढीग होते.

पुढे बाटल्यांचा बंद कारखाना लागला. त्याच्या काठावर फुटक्या काचा वर्षानुवर्षं पाण्यानं घासून गोल झाल्या होत्या. हिरव्या, तपकिरी, दुधाळ. ऊन पडलं की सगळा काठ डोळे मिचकावत होता. या कारखान्याला मामांच्या खाडीत आवाजच नव्हता. तो तिथं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. एकतीस वर्षं, दिवसातून दोनदा, ते या चमचमाटाच्या पाच हातांवरून गेले होते. त्यांनी दांडा सैल सोडला. होडी आपोआप हळू झाली.

"हे तू सांगितलं नव्हतंस."

"मला काय माहीत, तुम्हाला माहीत नाही."

पक्ष्यांच्या बेटाशी इंजिन पुन्हा बंद पडलं. पेट्रोलात पाणी शिरलं होतं. मामांनी कार्बुरेटरची वाटी काढली, पाणी ओतून दिलं, वाटी पुसली, परत बसवली. पण या वेळी हात काम करत असताना ते अधूनमधून मान वर करत होते. पांढरे, लांब मानेचे पक्षी फांद्यांवर असे बसले होते, जणू कोणी धुतलेलं कापड वाळत घातलं आहे. एकानं पंख पसरले आणि ते कापड उडालं. झोपलेला म्हातारा तर पाहण्यासारखाच निघाला. कपाळ, नाक, हनुवटी, पोट, सगळं पाण्याबाहेर. मामा त्याच्याकडे ओळखीच्या माणसासारखे बघत राहिले.

"काय बघताय एवढं?"

"झोप लागलीय त्याला छान."

किल्ल्याच्या पुढे पाणी रुंद झालं. समुद्राचा आवाज वाळूच्या पट्ट्यापलीकडून यायला लागला, कोणी दुसऱ्या खोलीत सामान हलवत असावं तसा. मामांनी दीपगृह बघायला मान वर केली. ते निळं नव्हतं. लाल-पांढरे पट्टे, तेही उन्हानं फिके झालेले. मामा त्याच्याकडेच बघत राहिले आणि होडी सरळ वाळूच्या बांधावर गेली. खटकन आवाज झाला, इंजिन मोकळंच किंचाळलं आणि त्याचा पाण्यातला पंखा फिरायचा थांबला.

"आता?" मामी म्हणाल्या.

"पंख्याची खीळ तुटली. आघात झाला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे पंखा वाचतो. मऊ धातूची असते."

"दुसरी आहे?"

साडूंच्या हत्यारांच्या डब्यात सगळं होतं, खीळ सोडून. आणि ओहोटी होती. मामांनी काठी टाकून पाहिली. पाणी बघता बघता होडीच्या खालून निघून चाललं होतं.

"तुम्हाला ओहोटी कळली नाही?"

"ते कप्तानाचं खातं आहे."

मामींनी जेवणाचा डबा उघडला. दोघांनी जेवण केलं. तोपर्यंत होडी वाळूवर बसली होती आणि चहूबाजूंनी ओली, चकाकणारी जमीन उघडी पडली होती. तिच्यावर लहान खेकडे आपल्या कामाला निघाले होते. अडीच-तीन तास तरी आता कोणाला कुठं जायचं नव्हतं.

मग मामांच्या लक्षात आलं, की इंजिन बंद आहे. म्हणजे दुरुस्तीपुरतं नाही. नुसतंच बंद. खाडीवर असताना त्यांनी ही शांतता कधी ऐकली नव्हती. आधी त्यांना वाटलं, कान बसले. हळूहळू त्या शांततेत बारीक बारीक गोष्टी उगवायला लागल्या. वाळूतून पाणी झिरपण्याची कुजबुज. पक्ष्याच्या पंखांचा सुर्रकन आवाज. मामींच्या सुयांची टिकटिक. आकाश वर होतं आणि वाळूवर साचलेल्या पाण्यातही होतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये त्यांची होडी लटकली होती.

"आता म्हणून दाखवा," मामी म्हणाल्या. "ओळीनं."

"अर्धा पूल, मिठागरं, कारखाना, म्हातारा..."

"आधी पक्षी."

"पक्षी, म्हातारा, किल्ला. किल्ला डावीकडे."

"उजवीकडे."

"मी इंजिनाकडे, म्हणजे मागे तोंड करून बसलो होतो."

"माइकवाला पण मागे तोंड करूनच उभा असतो, लोकांकडे. म्हणून सगळं पाठ असायला पाहिजे."

मामांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकले. डोळ्यांनी पाहिलेलं मनात राहतच नव्हतं. ओंजळीतल्या पाण्यासारखं, आहे आहे म्हणेपर्यंत नाही. त्यांनी वही मिटली. "भांडारात ऊन लागत नाही, तेवढं बरं आहे," ते म्हणाले.

मामींनी विणकाम खाली ठेवलं. "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना. आता तुमच्या इंजिनखोलीत बसा. धक्का सोडला. काय होतं?"

मामांनी डोळे मिटले. "घंटा. एक ठोका. मग खणखण. वीस मिनिटं काही नाही. मग आवाज परत येतो."

"तिथं सात खांब उभे आहेत आणि टोकावर कुत्रं आहे. पुढे?"

"नळी कोमट."

"मिठाचे ढीग. सकाळी गुलाबी असतात. पुढे?"

असं त्या बाई सगळी खाडी नवऱ्याच्या कानावर टांगत गेल्या, जसे खुंट्यांवर कपडे टांगावेत. प्रत्येक आवाजाला एक चित्र. कारखान्याला आवाज नव्हता, तर त्या म्हणाल्या, "नळी परत थंड झाली की शंभर आकडे मोजा, मग काचा." तीनदा पूर्ण खाडी म्हणून झाली. तिसऱ्यांदा मामा कुठेही अडले नाहीत.

तीन वाजता पाण्याची पहिली जीभ होडीला लागली. मामांनी मामींच्या हातातल्या सुईकडे बघितलं. ॲल्युमिनियमची होती.

"ती सुई देतेस?"

"टाके आहेत तिच्यावर."

"टाके दुसऱ्या कशावर घे. जाडी बरोबर आहे. मऊ आहे."

"नातवंडाचं अंगडं आहे ते."

"नातवंडाची आजी इथं वाळूवर राहिली तर अंगडं कोण पुरं करणार?"

मामींनी एकेक टाका काळजीनं पेन्सिलीवर उतरवला. मामांनी कानशीनं सुईचा दोन बोटं लांब तुकडा कापला, पंखा काढला, खीळ घातली, पंखा बसवला. परतीच्या वाटेवर ती सुई तुटली नाही. ऊन तिरपं झालं होतं, खाडी तांब्याची झाली होती, आणि मामा डोळे मिटून सगळी स्थळं पुटपुटत होते. दांडा मामींच्या हातात होता. होडी सरळ चालली होती.

रविवारी नऊ वाजता नवी बोट भरली. मॅडम पुढच्या रांगेत, हातात कागद. मामी शेवटच्या रांगेत, धुतलेल्या साडीत. कप्तान काचेच्या केबिनमध्ये. वीस वर्षं एकमेकांशी साखळीनं बोललेली ही दोन माणसं पहिल्यांदाच कामावर शेजारी शेजारी उभी होती, आणि दोघांनाही जरा लाजल्यासारखं झालं.

"तुला तरी ती स्थळं नीट माहीत असतील," मामा हळूच म्हणाले. "चुकलो तर सांग."

"मी?" कप्तान म्हणाला. "अरे, मी वीस वर्षं फक्त पाणी बघतोय. कुठं खोल, कुठं उथळ. काठाकडे बघितलं असतं तर तू कधीच बुडाला असतास."

बोट सुटली. मामांनी माइक हातात घेतला, लोकांकडे तोंड केलं आणि आवाजाची वाट पाहिली.

आवाज आला नाही. रबराच्या पायांवर, खोक्यात बंद असलेलं ते इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. त्यातलं काही खांबांवर आपटून परत येण्यासारखं नव्हतं. नळी नव्हती. पायाखाली गालिचा होता. शिवाय बोट दुप्पट वेगानं जात होती.

"डावीकडे... अर्धा पूल," मामा अंदाजानं म्हणाले.

"मागे गेला रे," कप्तान पुटपुटला.

लोकांनी माना वळवल्या. कोणीतरी खुदकन हसलं. मामांनी बाहेर नजर टाकली. भरती होती. गुरुवारी पाहिलेली खाडी तिथं नव्हतीच. पाणी काठोकाठ फुगलं होतं, काचांचा किनारा बुडाला होता, सगळं एकसारखं, सपाट, लखलखीत. त्यांनी म्हाताऱ्याची घोषणा केली तेव्हा पाण्यावर फक्त एक नाक होतं, आणि एका लहान मुलीनं विचारलं, "आजोबा, बाकीचा कुठंय?" मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मामींनी कपाळाला हात लावला. मामांनी माइक खाली केला. डोळ्यांसमोर बाजारामागची ती कोरडी खोली आली.

तेवढ्यात माइक धरलेल्या हाताला काहीतरी जाणवलं. फार बारीक. एखाद्यानं झोपेत शहारावं तसं.

"थांब," ते कप्तानाला म्हणाले. "पंख्यात काहीतरी अडकलंय."

"दिवा लागला नाही."

"दिव्याला कळेपर्यंत उशीर होईल. तीन ठोके मार."

कप्तानाचा हात सवयीनं साखळी शोधायला वर गेला. मग त्यानं दांडा मागे ओढला. बोट मागे सरकली, थरथरली, आणि शेपटाकडून तुटक्या जाळ्याचा एक हिरवा गोळा वर तरंगून आला. कप्तानानं इंजिन बंद केलं आणि आकडा घेऊन तो गोळा ओढायला गेला.

शांतता झाली. प्रवासी एकमेकांकडे बघायला लागले. मॅडमनी घड्याळ बघितलं. आणि त्या शांततेत मामांना, कोणी हात धरून आणल्यासारखं, आपण कुठं आहोत ते कळलं.

"गुरुवारी इथं मी वाळूवर बसून जेवलो," ते म्हणाले. माइक चालू होता हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "आता तुमच्या खाली दोन पुरुष पाणी आहे. दुपारी इथं खेकडे चालतील. तुम्ही आत्ता बसलात ना, त्याच्या बरोबर खाली."

लोकांनी आधी पायांकडे बघितलं आणि मग कठड्यावरून वाकून पाण्यात.

"खरं सांगू का," मामा म्हणाले. "मी एकतीस वर्षं या खाडीत बोटीच्या तळाशी होतो. वरचं मला फारसं माहीत नाही. खालचं माहीत आहे. तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही सांगा. त्याच्या खाली काय आहे ते मी सांगतो."

मग ती मुलगी म्हणाली, "मला लाल-पांढरा खांब दिसतोय."

"ते दीपगृह. त्याच्याखाली खाडीचं पाणी समुद्राला मिळतं. तिथं माझी नळी बर्फासारखी गार व्हायची. हात बाहेर काढ, वाऱ्यातही कळेल."

मुलीनं हात बाहेर काढला. तिच्या आईनंही काढला. मग सगळ्या बाजूंनी सुरू झालं. ते काय, ते काय. किल्ल्याला एक वाकडं झाड होतं, ते मामांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी सरळ म्हटलं, मला माहीत नाही, पण झाड मस्त आहे. परतताना ते लोकांकडे पाठ करून, लोक बघत होते त्याच दिशेनं बघत उभे राहिले. कारखान्यापाशी त्यांनी सांगितलं, की पाण्याखाली आत्ता हिरव्या आणि दुधाळ काचा आहेत, आणि माणसं न दिसणाऱ्या काचांकडे बराच वेळ बघत राहिली.

धक्क्यावर मॅडम उतरून थांबल्या. मामी दोन पावलं मागे, विणकामाची पिशवी छातीशी धरून.

"किल्ल्याचं साल सांगितलं नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"माहीत नाही."

"किल्ला कोणी बांधला?"

"तेही नाही."

"दहा मिनिटं उशीर."

"तो जाळ्याचा."

मॅडमनी कागदाची घडी घातली. "मागच्या माणसाला सगळी सालं पाठ होती. किल्ला यायच्या आत निम्मे लोक झोपलेले असायचे. आज कोणी झोपलं नाही." त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला. "आठवड्यातून तीन दिवस माइक. तीन दिवस भांडार. साल पाठ करा. त्यात मी सूट देणार नाही."

"हो," मामा म्हणाले. या वेळी कशाला हो म्हणतोय ते त्यांना माहीत होतं.

"तीन दिवस तरी ऊन लागेल," मामी त्यांना ऐकू जाईल इतपतच म्हणाल्या. "रंग उजळायची आशा नाही, पण बघू."

बुधवारी मामांची पहिली नेहमीची फेरी होती. साल पाठ होतं, झाडाचं नावही विचारून ठेवलं होतं. पूल वेळेवर सांगितला, कुत्रं नव्हतं तरी कुत्र्याची जागा सांगितली. भरती ओसरू लागली होती. मिठागरांच्या पुढचं वळण आलं आणि बोट वळली, तशी सगळी खाडी एकदम समोर उघडली. लांब, रुंद, मधेच ढगाची सावली, मधेच ऊन, आणि कुठंच काही घाई नाही. मामांनी बोलायला माइक तोंडाशी नेला आणि तो तसाच धरून ते बघत राहिले. मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. कप्तानानं एकदा वळून पाहिलं आणि वेग कमी केला. खुर्च्यांवरचे लोक आधी मामांच्या तोंडाकडे बघत होते. मग एकेक करून ते उठले आणि मामा बघत होते त्या बाजूला वळले.